खारीचे सोवळे

ज्या घरात सकाळचे आठ वाजून गेल्यावर पारोशा माणसाला चहासुद्धा अपराधी चेहऱ्याने प्यावा लागतो, नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी जो न्हाला नाही तो नरकात जातो हे वचन ज्या घरात पुराण म्हणून नव्हे तर फौजदारी कायद्याचे कलम म्हणून सांगितले जाते, आणि प्रवासाहून, न्हाव्याकडून, स्मशानातून व सरकारी कचेरीतून परतलेल्या सर्वांची रवानगी कोणताही भेदभाव न करता एकाच मोरीत होते, अशा घरात ‘पुढील चौदा दिवस अंघोळ घालू नये’ असा लेखी हुकूम येऊन पडावा, यापरते धर्मसंकट मला तरी ठाऊक नाही. हुकूम डॉक्टरबाईंचा होता, खाली सही होती, सहीवर शिक्का होता. आणि ज्या व्यक्तीच्या नावे तो निघाला होता ती त्या वेळी जीभ एका बाजूला काढून, अर्धवट गुंगीत, माझ्या जुन्या धोतराच्या चौघडीवर पडलेली होती.

ही व्यक्ती म्हणजे आमची कुत्री. नाव खारी. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात साताऱ्याच्या राजवाड्याजवळ एका बेकरीच्या फळीखाली ती भिजत बसलेली माझ्या मुलीला सापडली. रंग खारीचा, पापुद्रे सुटल्यासारखी कातडी खारीची, आणि हात लावताच चुरा होईल की काय असे वाटायला लावणारी प्रकृतीही खारीचीच. पुढे प्रकृती सुधारली, पण नाव राहिले. यंदा ती वयात आली आणि तीन आठवडे मंगळवार पेठेतील यच्चयावत श्वानसमाज आमच्या दाराशी धरणे धरून बसला. त्यांपैकी एक काळा, एका कानाचा, पोक्त गृहस्थ तर रात्री दोन वाजता अशा काही आर्ततेने गळा काढी की, शेजारच्या निवृत्त संगीतशिक्षकांनी त्याला स्वर बरा असल्याचे प्रमाणपत्र दिले, आणि त्याच श्वासात आमच्यावर तक्रार करण्याची धमकीही दिली. डॉक्टरबाईंनी सांगितले की गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांत गाठी होण्याचा जो धोका कुत्र्यांच्या माद्यांना असतो, त्याच्यावरही हाच तोडगा आहे. निर्णय झाला. नगरपालिकेच्या भाषेत यास ‘निर्बीजीकरण’ म्हणतात, आमच्या गल्लीच्या भाषेत ‘नसबंदी’, आणि आमच्या घरात, लहान मुले आसपास नसतानाही आवाज खाली आणून, नुसते ‘ऑपरेशन’.

पहिल्या रात्रीचे वर्णन मी थोडक्यात करतो, कारण ती आठवण मोठी नाही, ओली आहे. भूल उतरताना जनावराला थंडी वाजते, मळमळते, आणि शरीराच्या बाकीच्या खात्यांवरचा अंमल काही तास सुटलेला असतो. पहाटेपर्यंत दोन धोतरे, एक गोधडी आणि ‘मला काही घाण वाटत नाही’ हे माझे गेल्या वर्षभराचे ब्रीद, इतक्या वस्तू धुण्यास पडल्या. फिनेल वापरू नये, कोमट पाण्याने फरशी पुसून कोरडी करावी, आणि तिचे मागचे अंग ओलसर फडक्याने टिपावे, पण कुशीवरच्या टाक्यांपासून चार बोटे लांबूनच, अशी कागदावर स्पष्ट आज्ञा होती. तीन बोटांचा छेद, पाच टाके, भोवती तळहाताएवढे भादरलेले गुलाबी कातडे. एवढ्या मुलखात पाण्याने पाऊल टाकायचे नाही. बाकीची कुत्री मात्र स्वच्छ राहिली पाहिजे. एखाद्या तालुक्यात पूर यावा, परंतु त्यातील एक गाव कोरडे राहावे, असा बंदोबस्त ठेवण्याचे काम मी महसूल खात्याच्या अव्वल कारकुनीतही कधी केले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सांगलीहून आत्या आली.

आत्याच्या येण्याला कारण लागत नाही, कारण तिच्या मते सातारा अद्याप तिच्या अखत्यारीत आहे. ती जन्मली तेव्हा सांगली नावाचा जिल्हा नव्हता; १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग कापून ‘दक्षिण सातारा’ झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले गेले. इतकी मोठी शस्त्रक्रिया होऊन गेली, तरी त्या जखमेला कोणी तबक बांधल्याचे ऐकिवात नाही, हे तिने खारीच्या गळ्यातील, टाके चाटू नयेत म्हणून घातलेल्या प्लास्टिकच्या कॉलरकडे पाहताच ऐकवले. दुसरा प्रश्न आला, ‘‘ही कोणत्या नाटकातली रे?’’ प्रश्न साहजिक होता. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले त्या गावच्या माणसाला गळ्याभोवती काही चमत्कारिक दिसले की प्रथम रंगपटच आठवणार. आणि इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातले सरदार मानेभोवती चुण्यांची जी पांढरी तबके मिरवीत त्यांच्यावरूनच या साधनाचे विलायती नाव पडलेले असल्यामुळे, आत्याचा तर्क नेपथ्याच्या दृष्टीने चुकलेला नव्हता.

‘ऑपरेशन’ कसले, हे कळल्यावर ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘‘शहात्तर साली ही असती तर!’’ आतोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. आणीबाणीत मास्तरांना कुटुंबनियोजनाच्या ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट वाटून दिलेले असे, आणि आतोबांना एक केस कमी पडल्यामुळे त्यांनी पंधरा दिवस रात्रीची झोप कशी घेतली नव्हती, हे पुराण पुढे जेवणाच्या पानावर सविस्तर झाले. खारीने ते शांतपणे ऐकले. तिला आता गमावण्यासारखे काही उरले नव्हते.

आत्याच्या पिशवीतून मग हळदीचा डबा निघाला. इथे वाचकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की सांगली आणि हळद यांचे नाते बाजारभावापुरते नाही. हरिपूरला जमिनीच्या पोटात पेवे खणून वर्षानुवर्षे हळद साठवली गेली, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुसरी अशी की आत्या गावभागात राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, तेव्हा तिच्या माजघरात ते कमरेइतके होते. आणि ओसरल्यावर मागे राहिलेला गाळ तिने सत्तरी उलटलेली असताना खराट्याने, बादलीने व जिभेने, पैकी जीभ मदतीला आलेल्या भाचरांवर, नऊ दिवसांत काढून टाकला. ज्या बाईने कृष्णामाईला घराबाहेर काढून मागून फरशी पुसून घेतली, तिला एका वीतभर कुत्रीला पाणी लावायचे नाही आणि हळदही लावायची नाही असे सांगणे, म्हणजे माहुतास हत्तीच्या जवळ जाऊ नको म्हणण्यासारखे होते.

वाद तुंबळ झाला. आमच्या शेजारचा मुलगा शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्याला दूरध्वनीवर पंच नेमले. त्याने शांतपणे सांगितले की पहिल्या काही दिवसांत कातडीच्या दोन्ही कडा नुकत्या कुठे एकमेकींना धरू लागलेल्या असतात. पाण्याने त्या मऊ पडून सुटतात आणि पाण्याबरोबर जंतू आत शिरतात. डब्यातली हळद कितीही उत्तम असली तरी ती निर्जंतुक केलेली नसते, तिचे कण जखमेत बसून राहतात. आणि मुख्य म्हणजे जखम बिघडू लागली आहे की नाही हे लालीवरून ओळखायचे असते, ती लाली हळदीखाली दिसणार नाही. यावर आत्याने कपाळावरच्या कुंकवाकडे बोट नेऊन विचारले, ‘‘हळदीवर लाल दिसत नाही? या मुलाचं लग्न व्हायचंय वाटतं अजून!’’

एवढ्यावर ती थांबती तर ती आमची आत्या कसली. तिने सरळ आंतरराष्ट्रीय दाखला काढला. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले, ते भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून १९९७ साली रद्द करवून घेतले, त्या लढाईचे पुढारपण आपल्या माशेलकरांकडे होते, आणि त्या वेळचे वर्तमानपत्राचे कात्रण तिच्या पोथीत अजून आहे. ‘‘माशेलकर अमेरिकेला भांडले ते याच हळदीसाठी, याच जखमेसाठी, आणि तुम्ही मला कागद दाखवता?’’ मी तीस वर्षे निकालपत्रांच्या नकला केलेल्या आहेत. मी नम्रपणे निदर्शनास आणले की, त्या निकालात हळदीचा हा उपयोग जुना आहे, नवा शोध नव्हे, एवढेच ठरले. तो खारीवर करावा असे काही ठरलेले नाही. आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मी जणू अमेरिकेच्या बाजूचा वकील होतो. डबा फडताळात गेला, पण झाकण नीट लागले नव्हते. पुढच्या चौदा दिवसांत टॉवेल, माझा सदरा, पंचांगाची दोन पाने व मोरीचा उंबरा या सर्वांना हळद लागली. फक्त खारी तेवढी कोरी राहिली.

अशा रीतीने आमच्या घरात शुचितेची तीन शास्त्रे एकाच छपराखाली नांदू लागली. आत्याचे शास्त्र पाण्याचे : जे ओले झाले ते शुद्ध. डॉक्टरबाईंचे शास्त्र कोरडेपणाचे : जे कोणी शिवले नाही ते शुद्ध. आणि खारीचे शास्त्र जिभेचे, जे या दोहोंहून प्राचीन असावे : जे आपण स्वतः चाटले ते शुद्ध. कुत्र्याच्या लाळेत थोडा जंतुनाशक गुण असतो असे पंचानेही मान्य केले, परंतु त्याच तोंडात जंतूंचीही भरपूर वस्ती असते आणि खरखरीत जीभ टाके उसवते, म्हणून तिसऱ्या शास्त्रावर बंदीहुकूम होता. गंमत अशी की, आत्याला हा हुकूम सर्वांत पटला. ‘‘सोवळ्यात शिवायचं नाही म्हणजे नाही,’’ ती खारीला म्हणाली. आणि तेव्हापासून डॉक्टरबाईंचे शास्त्र आमच्या घरात लागू झाले ते वैद्यकाच्या आधारावर नव्हे, तर खारी चौदा दिवस सोवळ्यात आहे या एका वाक्यावर. जे काम छापील कागदाने झाले नाही ते एका विशेषणाने झाले. मात्र अंघोळ न करता पाळायचे हे पहिलेच सोवळे, हे आत्या रोज एकदा आठवण करून देई.

कॉलरबद्दल स्वतंत्र लिहिले पाहिजे. तिची योजना कुत्रीच्या तोंडाला जखमेपर्यंत पोहोचू न देण्याची आहे, हे खरे. परंतु प्रत्यक्षात ती जगातील सर्व घाण कुत्रीच्या तोंडापर्यंत पोहोचवण्याचे काम अधिक उत्साहाने करते. खारी जमीन हुंगायला मान घाली की कॉलरची कड फावड्यासारखी चाले आणि अंगणातला चिखल, पारिजातकाची फुले, एक मेलेला भुंगा व शेजाऱ्यांची एक चप्पल इतका ऐवज एका फेरीत गोळा होई. दूधभाताचा निम्मा भाग आतल्या बाजूस चिकटे; पाण्याच्या भांड्यात कॉलर बुडे; त्यात लाळ मिळे; आणि हे सर्व घेऊन ती प्रेमाने जवळ येऊन आपल्या मांडीवर तोंड ठेवी, तेव्हा आपण एखाद्या उष्ट्या परातीला कवटाळून बसलो आहोत असे वाटे. म्हणून कॉलर दिवसातून तीन वेळा काढून भांड्याच्या साबणाने घासायची, कोरडी करायची, तोवर तिच्या गळ्याखालचा ओलावा टिपायचा, आणि त्या दहा मिनिटांत एका माणसाने तिच्या तोंडावर खडा पहारा ठेवायचा. कुत्रीला अंघोळ नव्हती. कॉलरला त्रिकाळ स्नान होते. ते व्रत आत्याने स्वतःकडे घेतले, आणि ज्या निष्ठेने ती ते प्लास्टिक घाशी ती पाहून आमच्या देवघरातील तांब्यालाही मत्सर वाटला असेल.

मुलीने मध्यंतरी आपल्या जुन्या टी-शर्टाची बंडी खारीला चढवून पाहिली. पुढच्या पायांतून बाह्या, मागे शेपटीपर्यंत घोळ. टाके झाकले गेले, खारी सुटसुटीत झाली, कॉलरला सुट्टी मिळाली. परंतु कुत्री लघुशंकेला खाली बसते, हे विज्ञान शिंप्याने विचारात घेतलेले नव्हते. दर दोन तासांनी ओला घोळ, म्हणजे ओले टाके. अखेर आत्याने घोळ मागून वर घेऊन पाठीवर असा खोचला की, आमच्या पेठेत पाऊणशे वर्षांत कोणी नेसले नसेल इतका झोकदार कासोटा तयार झाला. त्या वेषात खारी फाटकाशी उभी राहिली असता तो एका कानाचा काळा गृहस्थ समोरून गेला, थबकला, आणि पुन्हा काही आमच्या बाजूस फिरकला नाही.

आषाढ होता. अजिंक्यताऱ्यावरून उतरणारा पाऊस आमच्या पेठेला प्रथम भेटतो, आणि चिखल हा त्या भेटीचा अहेर. फिरणे कमी, पट्टा आखूड, उड्या नाहीत, जिने नाहीत, अशी आज्ञा. आमच्या घराला मात्र रस्त्यापर्यंत अकरा पायऱ्या. तेव्हा मी तिला दोन्ही हातांवर आडवी घेऊन उतरे, पत्नी वर छत्री धरी, मुलगी मागून चार पायांसाठी चार फडकी घेऊन येई. परतल्यावर उंबऱ्याशी पाद्यपूजा : एकेक पाऊल कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, पोटाखालचा शिंतोडा दुरूनच टिपायचा. पाय पुढे करण्याची तिची ढब पाहून मला प्रत्येक वेळी संगम माहुली आठवे. आमच्या शहरापासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ, छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात. शिकारीत त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले अशी कथा आहे. १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे की, महाराजांनी या कुत्र्याला सनद देऊन जहागीरदार केले, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा लवाजमा खरोखरच बाळगला. जहागीरदारास अंघोळ कोण घाली, त्याच्या पायांचा चिखल कोणत्या खात्यात पुसला जाई, याचा उल्लेख डफसाहेबाने केलेला नाही. इतिहासकारांचे लक्ष नेहमी पालखीत बसणाऱ्याकडे असते. मी भोयांपैकी असल्यामुळे मला ती उणीव जाणवली.

जखमेची तपासणी सकाळ-संध्याकाळ. मी सवयीप्रमाणे रोजनामचा घातला : लाली, सूज, स्राव, वास असे चार रकाने. ‘दिवस पाचवा, सकाळ : लाली नाही. सूज किंचित. स्राव निरंक. वास : कुत्र्याचा.’ हा चौथा रकाना पुढे पुढे भारी होत गेला. पावसाळी दमट हवा, बंद खिडक्या आणि नऊ दिवसांची पारोशी कुत्री, यांच्या संयोगातून जो दर्प निर्माण होतो त्याला भिजलेल्या घोंगडीचा वास म्हणणे हा घोंगडीवर अन्याय आहे. कोरड्या फडक्याने पाठ चोळणे, रोज ब्रश फिरवणे, अंथरुणावरची चादर बदलणे, इतकेच करता येण्याजोगे होते, आणि त्याने खरोखर फरक पडतो. पाहुणे येत तेव्हा मात्र आत्या उदबत्ती लावी, आणि कोणी विचारण्याआधीच ‘‘सोवळ्यात आहे ती’’ असे सांगून त्यांना अधिकच कोड्यात टाकी.

आठव्या रात्रीचा प्रमाद माझा. कॉलर धुऊन खुंटीला लावली होती, पहारा माझ्याकडे होता, आणि पावसाच्या आवाजाने माझा डोळा लागला. जाग आली ती ‘सप् सप्’ अशा समाधानी आवाजाने. दिवा लावला, खारी कूस वळवून, अर्धे डोळे मिटून, आपल्या शास्त्राप्रमाणे शुचिर्भूत होत होती. एक टाका सैल. आत्या दारात उभी. खारीला ती एक शब्दही बोलली नाही. मला उद्देशून जे बोलली त्यात ‘सरकारी नोकर’ हा शब्दप्रयोग दोनदा होता. सकाळी डॉक्टरबाईंनी पाहून भिण्यासारखे काही नसल्याचे सांगितले, परंतु शिक्षा म्हणून दोन दिवस वाढवले. त्याच आठवड्यात आत्याचे बोट विळीवर कापले. तिने कोणालाही न विचारता हळद दाबली, चार दिवसांत ते बोट बरे झाले, आणि पुढे प्रत्येक तपासणीच्या वेळी ते माझ्या रोजनामच्यावर आडवे ठेवले जाऊ लागले.

सोळाव्या दिवशी टाके निघाले. अंघोळीला आणखी दोन दिवस थांबा असे डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आत्याच्या चेहऱ्यावरचे तेज मावळले, कारण कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली होती, कृष्णा वाढत होती, आणि तिला गावभागातले सामान माळ्यावर चढवायला दुसऱ्या दिवशीच निघणे भाग होते. ज्या स्नानासाठी ती दोन आठवडे तिष्ठली ते तिच्या हातून व्हायचे नव्हते. तिने ते मनाला फारसे लावून घेतले असे दिसले नाही. निघताना तिची पिशवी जरा फुगलेली होती, एवढे मी पाहिले.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आधी पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते सांगितले, मग अंघोळ घातली का, कानांत पाणी जाऊ दिले नाही ना, केस सुकवले का, हे विचारून झाले. मी म्हटले, ‘‘सगळं झालं, पण आत्या, खारीची कॉलर कुठे दिसत नाही.’’

‘‘मी आणली.’’

‘‘तू? कशाला?’’

‘‘अरे, हळद बरण्यांत भरून वर ठेवायची होती. माझं नरसाळं गेल्या पुरात वाहून गेलं. हे अगदी बेताचं आहे, एक कण सांडला नाही.’’

मी चाचरत म्हणालो, ‘‘अगं, पण ती कुत्रीच्या गळ्यातली!’’

‘‘तर काय झालं?’’ पलीकडून आवाज आला. ‘‘चौदा दिवस त्रिकाळ घासली आहे मी ती. तुझ्या घरातलं दुसरं एक भांडं दाखव इतकं स्वच्छ.’’